उलट बोलणाऱ्याचं मानधन

आमच्या माडआळीत तळ्याची बैठक असते तेव्हा गावदेवीपुढे दोन नारळ ठेवायची रीत आहे. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवीकडचा तळे समितीच्या प्रमुखाचा आणि डावीकडचा उलट बोलणाऱ्याचा. तळ्याबद्दल कुठलाही ठराव असो, त्याच्या विरुद्ध कुणीतरी उभं राहून बोललंच पाहिजे. मनातून पटला असला तरी बोलायचं. देवीला दोन कान आहेत, एकाच कानाने ऐकवून तिच्याकडून होकार घेऊ नये, असं जुनी माणसं सांगत. विरुद्ध बाजू बोलून झाली की मग हात वर करायचे. बैठक संपली की दोघांना सारखाच मान, सारखाच नारळ.

केळव्याच्या थोडं अलीकडे आमची आळी आहे. नारळ, सुपारी, केळी आणि पानवेली. सगळं त्या तळ्याच्या गोड्या पाण्यावर. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात ओसरीवर बसून लाटांचा आवाज ऐकू येतो, आणि तरी आमच्या विहिरींचं पाणी गोडं. लोक म्हणतात देवीची कृपा. मीही म्हणते. पण कृपा झाली म्हणून आपण बेफिकीर व्हायचं नसतं, हे मला कमळाकाकांनी शिकवलं, आणि तेच पुढे गप्प बसले. त्यांचीच ही गोष्ट.

कमळाकाका म्हणजे कमलाकांत राऊत. आमच्या कुंपणापलीकडची वाडी त्यांची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते बोईसरला एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात होते. सकाळी सायकलने केळवे रोड स्टेशन गाठायचे, संध्याकाळी परत आले की हाताची बोटं कधी निळी, कधी तांबडी. त्यांची बायको माई म्हणायची, "आज कुठल्या देवाच्या पूजेला गेलेलात?"

विरुद्ध बोलायची खोड त्यांना कारखान्यातही होती. हातमोजे फाटले होते आणि नवे मिळत नव्हते, तेव्हा हे यंत्राजवळून बाजूला होऊन उभे राहिले. मोज्यांशिवाय रंगात हात घालणार नाही म्हणाले. त्यांचा सुपरवायझर बिहारकडचा होता, माणूस गमत्या. तो म्हणे, "कमलाकांत, तेरी घरवाली पूछती होगी खाना खाओगे, तो पहले ना बोलता होगा." सगळी पाळी हसली. काका पण हसले, पण जागचे हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मोजे आले. काकांची मात्र दुसऱ्या खात्यात बदली झाली, जिथे वाफेत उभं राहायला लागायचं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. माई सांगायची, आणि सांगताना तिला राग यायचा की अभिमान वाटायचा, ते मला कधी कळलं नाही.

पुढे तो कारखाना बंद पडला. काका वाडीत परतले. पानवेलींचं काम त्यांच्या हाताला छान बसलं. वेल वाढला की उतरवायचा, पुन्हा बांबूला बांधायचा, पानं खुडून ओल्या गोणपाटात गुंडाळायची. आणि चैत्रात देवीची जत्रा झाली की तळ्याच्या बैठकीत डावीकडचा नारळ घ्यायचा.

तो नारळ घ्यायला तसं कुणी तयार नसायचं. आळीत सगळे एकमेकांचे सोयरे. आज चुलतभावाच्या विरुद्ध बोला आणि उद्या त्याच्याच घरी साखरपुड्याला जा. म्हणून गुरवाने नारळ ठेवले की सगळ्यांच्या माना कमळाकाकांकडे वळायच्या. ते धोतर सावरत उठायचे.

"प्रमुख, हरकत हाय."

प्रमुख होते रामनाथ चौधरी. काकांचे शाळेतले सोबती. दोघं एका बाकावर बसलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. पण बैठकीच्या आधी पंधरवडाभर दोघं एकमेकांच्या घरी जात नसत. हीसुद्धा जुनीच रीत. वाटेत भेटले तर रामनाथकाका म्हणायचे, "काय कमळ्या, दात घासून ठेवलेत ना?" आणि हे म्हणायचे, "तू कान धुऊन ये."

आणि बैठकीत काय बोलायचे काका! तळ्याचा काठ सिमेंटने बांधायचा ठराव आला, तर म्हणाले, "काठ बांधाल, मग झिरपा कुठून येईल? तळं म्हणजे काय बादली हाय?" काठ दगडांनीच रचला, मध्ये माती सोडली. तळ्यात मासे सोडून लिलाव करायचा ठराव आला, तेव्हा म्हणाले, "माशांना खायला टाकाल ते माझी माई भातात खाईल." लोक हसले आणि तो ठरावही पडला. प्रत्येक वेळी ते जिंकायचे असं नाही. पण ते बोलले की ठराव जसा आला तसाच कधी पुढे जात नसे. थोडा घासून, थोडा कापून जाई.

मग पाहुणे वाढले. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं केळव्याला येतात, त्यांच्यासाठी घराघरांत खोल्या निघाल्या. खोलीवाल्यांना पाणी लागतं म्हणून तळे समितीने पाणीपट्टी लावली. समितीकडे पहिल्यांदाच चार पैसे जमले. त्याच उन्हाळ्यात माझी मेघाली पुण्याहून सुट्टीला आली होती. ती राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते. जेवतानासुद्धा पुढ्यात पुस्तक. मी भाकरी टाकत होते, काका पानांची टोपली ठेवायला आले आणि पाणी प्यायला दारात बसले.

मेघाली मोठ्याने वाचत होती. मंत्र्यांचा पगार किती असावा ते मंत्री ठरवत नाहीत, विधिमंडळ कायदा करून ठरवतं. आणि विरोधी पक्षनेत्याच्या पगाराचाही वेगळा कायदा आहे, त्याला मंत्र्याइतकंच मिळतं.

काकांनी तांब्या खाली ठेवला. "कोणाला मिळतं म्हणालीस?"

"विरोधी पक्षनेत्याला. सभागृहात विरोधातल्या ज्या पक्षाचे लोक जास्त, त्याचा नेता. अध्यक्षांनी मान्यता दिली पाहिजे पण."

"आणि तो काय करतो?"

"सरकारच्या विरुद्ध बोलतो. प्रश्न विचारतो."

"त्याचा पगार? मंत्र्याएवढा?"

"पगार, घर, गाडी. काका, ते पण कामच आहे ना."

काका हसायला लागले. इतके, की त्यांना ठसका लागला. "अगं सुलू, ऐकलंस काय? कायद्याला पण दोन कान हायत! आमी आडाणी समजत होतो आमाला. आमची म्हातारी माणसं मंत्रालयात बसायला पायजे होती." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "मीच वेड्यासारखा नारळावर काम करतोय."

ते गमतीत म्हणाले होते. पण त्या वर्षीच्या बैठकीत गंमत म्हणूनच त्यांनी ते बोलून दाखवलं आणि लोकांना पटलं. प्रमुखाला मानधन द्यायचा विषय होताच, कारण पाणीपट्टी गोळा करायला रामनाथकाकांचा बराच वेळ जायचा. येसूबाई म्हणून आमच्या आळीत एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्या मागून ओरडल्या, "द्या दोघांना सारखं! नारळ सारखा, तर पैसे पण सारखे!" टाळ्या पडल्या. रामनाथकाकांनीच ठराव सांगितला. प्रमुखाला दरमहा मानधन, आणि उलट बोलणाऱ्याला तेवढंच. रक्कम फार नव्हती. पण माईचे गुडघे धरले होते, पालघरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, त्यात तिला हातभार होण्याइतकी होती.

त्या ठरावात शेवटी एक ओळ घातली होती. मानधन प्रमुखांच्या सहीने दर महिन्याला देण्यात यावं. समितीचे सगळे पैसे प्रमुखाच्याच सहीने निघायचे, म्हणून ती ओळ कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. सगळ्यांनी हात वर केले. उलट बोलायची जबाबदारी काकांची, आणि आपल्याच मानधनाच्या विरुद्ध ते काय बोलणार? ते नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "माझी हरकत एवढीच की हे शंभर वर्षं आधी व्हायला पायजे होतं." पुन्हा हशा झाला.

मी रात्री फोनवर मेघालीला कौतुकाने सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "पण आई, सही रामनाथआजोबांची?"

"मग कोणाची असणार?"

"तिथे तसं नसतं गं. मुख्यमंत्री सही करणार आणि मग विरोधी पक्षनेत्याला पगार मिळणार, असं नाही. एकदा कायद्याने ठरलं की ठरलं. त्याला कोणाच्या दारात जायला लागत नाही."

मी म्हटलं, आपल्याकडे कुणी परकं आहे का, रामनाथकाका त्यांचे सोबती आहेत. ती म्हणाली, हो, तेही आहे. आणि विषय तिथेच राहिला. मला वाटतं आळीत त्या दिवशी जो कोणी असता, त्याने हेच म्हटलं असतं. सोबत्याच्या दारात जाण्यात कसलं आलंय?

महिन्याच्या सुरुवातीला काका रामनाथकाकांच्या ओसरीवर जायला लागले. पहिल्या वेळेला दोघांनी खूप थट्टा केली. "या विरोधी पक्षनेते, गाडी कुठे लावलीत?" "ड्रायव्हर आला नाय, पायीच आलो." चहा झाला, सही झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. रामनाथकाका मनाचे चांगले. काकांना रिकामं कधी उठू दिलं नाही. सून चहाबरोबर काही ना काही आणून ठेवायची. काका पण हात हलवत जायचे नाहीत, वेलची केळ्यांचा फणा घेऊन जायचे. वर्षानुवर्षं जे दोघं बैठकीच्या आधी एकमेकांकडे फिरकत नव्हते, ते आता दर महिन्याला एकमेकांच्या घरची खबर विचारत होते. बघायला गोड वाटायचं. मीच माईला म्हटलं होतं, म्हातारपणी मैत्री पुन्हा उमलली.

पण कधी कधी रामनाथकाका घरी नसायचे. कधी त्यांचा मुलगा दर्पण बाहेर यायचा. दर्पणच्या केळव्याच्या रस्त्याला खोल्या आहेत, पुढे झुला, मागे मोठी पाण्याची टाकी. तो म्हणायचा, "काका, बाबा आंघोळीला गेलेत, बसा की." काका बसायचे. कधी म्हणायचा, "उद्या या ना काका, आज बँकेची कामं आहेत." काका परत फिरायचे. आमच्या कुंपणावरून जाताना मी विचारलं, झालं का काम, तर म्हणायचे, "घाई कुठे हाय." दर्पणच्या मनात काही वाकडं होतं असं मी म्हणणार नाही. तरुण पोरगा, कर्ज काढून धंदा टाकलेला, त्याला हजार कामं. पण कारखान्यात मोज्यांसाठी उभा राहिलेला माणूस दुसऱ्याच्या ओसरीवर टोपी मांडीवर घेऊन बसलेला बघताना मला कसंतरी व्हायचं. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

पुढच्या चैत्रात दर्पणने ठराव आणला. तळ्याच्या काठाला दोन-तीन बोअर मारायच्या, मोटर बसवायची आणि खोल्यांना टँकरने पाणी पुरवायचं. समितीला टँकरमागे पैसे मिळतील, त्यातून देवळाचं छप्पर होईल. ऐकायला वाईट काहीच नव्हतं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी काका विहिरीवर आले. मी कळशी भरत होते. म्हणाले, "सुलू, समुद्र आपल्याकडे तोंड करून बसलाय. गोडं पाणी वर हाय म्हणून तो खाली दबलाय. वरचं उपसलं की तो आत येणार. तिकडे मुरबे गावाच्या बाजूला माझ्या आत्याची विहीर अशीच गेली. एकदा खारं आत आलं की माणसाच्या एका जन्मात ते बाहेर जात नाय."

मी म्हटलं, "मग उद्या हेच सांगा. असंच सांगा."

"सांगणार की. मानधन कशाचं घेतो?"

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात बसायला जागा नव्हती. गुरवाने दोन नारळ ठेवले. दर्पणने मोबाईलमधून वाचून हिशेब सांगितला. रामनाथकाका त्या दिवशी कुणाशी फारसं बोलत नव्हते. ते म्हणाले, "उलट बाजू ऐकू या. कमलाकांत."

काका उठले. हातात कापडी पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही. मी बायकांच्या बाजूला होते, मला त्यांचं तोंड सरळ दिसत होतं. त्यांनी रामनाथकाकांकडे बघितलं. मग देवीकडे. मग खाली.

"हरकत हाय," ते म्हणाले. आणि थांबले. "म्हणजे, तशी हाय. थोडी."

कुणीतरी मागून म्हणालं, "थोडी म्हणजे किती? वाटीभर?" लोक हसले.

"एकच बोअर मारून बघू. जास्त नको. आणि पाणी कसं राहतं त्याच्यावर लक्ष ठेवायला पायजे, एवढंच," असं म्हणून ते बसले.

मी वाट बघत होते की आता उठतील, आता आत्याच्या विहिरीचं सांगतील. ते उठले नाहीत. रामनाथकाका पण बराच वेळ हात वर करा म्हणाले नाहीत. डोळे मिटून बसले होते, मला वाटलं देवीचं नाव घेतायत. मग दर्पण म्हणाला, "बाबा?" आणि हात वर झाले. माझाही झाला. सगळ्यांचे झाले.

एक बोअर मारली. मोटर बसली. पहिल्या उन्हाळ्यात काहीच झालं नाही, आणि लोक म्हणाले बघा, उगीच घाबरवत होते. देवळाला पत्रे आले. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा माई माझ्याकडे वाटी घेऊन आली. म्हणाली, "सुलू, बघ तरी, डाळ शिजतच नाय. गॅस संपायला आला." मी चव घेतली. खारट नव्हतं, पण गोडंही नव्हतं. मचूळ. जिभेच्या कडेला राहत होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला, तेव्हा काय मागायचं ते सुचेना. जे तिने दिलेलं होतं, ते आपणच उपसलं होतं.

मग वेली बोलल्या. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जशा चुलीजवळ धरल्या असाव्यात. कोवळा शेंडा वळायचा आणि काळा पडायचा. व्यापारी गोणपाट उघडून पानं बघायचा आणि बांधून परत द्यायचा. तळ्याच्या जवळच्या वाड्या आधी गेल्या, त्यात काकांची पहिली. ते रोज सकाळी वाडीत जायचे, सुकलेला वेल बांबूवरून सोडवायचे आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे. जाळत नव्हते. मी एकदा म्हटलं, काका, टाकून द्या ना. म्हणाले, "टाकतो." आणि पुढचा वेल सोडवायला लागले.

मानधन चालूच होतं. पण ते आणायला काका जाईनासे झाले. रामनाथकाकांनी घरी पाठवलं तर माईच्या हातून परत पाठवलं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी तळ्यावर दिवा सोडायला गेले होते. पायरीवर दोघं म्हातारे बसलेले. आधी काका येऊन बसले असावेत, रामनाथकाकांना आधीच बसलेले बघून ते तिथे थांबले नसते. मी वरच्या पायरीवर फुलं निवडत राहिले. त्यांना मी दिसत होते, त्यांनी आवाज खाली केला नाही.

रामनाथकाका म्हणाले, "कमळ्या, एक विचारू? तू बोलला का नाय रे त्या दिवशी?"

काकांनी पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"मी वाट बघत होतो तुझी. देवीच्यान. घरात पोरगा मागे लागलेला, बँकेचे हप्ते, बाहेर दोन मेव्हणे खोल्यावाले. मला नाय म्हणायचं होतं. पण नाय म्हणायला मला काहीतरी पायजे होतं ना हातात. तू उभा राहून एकदा नीट बोलला असतास, तर मी सांगितलं असतं, बघ बाबा, हरकत आली, थांबू या. हात वर करा बोलायला मी किती वेळ लावला, तुला दिसलं नाय?"

"मग मला आदल्या दिवशी सांगायचं होतंस."

"प्रमुखाने सांगून घेतलेली हरकत, ती कसली हरकत?"

काका हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "राम्या, त्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे सहीला आलेलो. आठवतं? महिन्याची सुरुवात होती. तुझ्या सुनेने माईच्या गुडघ्याला तेल दिलेलं, तिच्या माहेरून आणलेलं. पैसे नको म्हणाली. ते तेल माझ्या पिशवीत होतं. मी बोलायला उठलो आणि ती बाटली माझ्या पायाला लागत होती." पुढे म्हणाले, "तू मला काय बोलला नाय. दर्पण काय बोलला नाय. कोणी बोललं असतं ना, गप बस म्हणून, तर मी मंडप डोक्यावर घेतला असता."

रामनाथकाकांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे तेल नडलं?"

"तेल कशाला नडेल? मी नडलो."

मी दिवा सोडला आणि त्यांच्या बाजूने निघाले, तेव्हा रामनाथकाका मला म्हणाले, "मेघाली काय म्हणते, सुलू? तिकडे मंत्रालयात पण असंच चहापाणी चालतं काय?" मी म्हटलं, काका, तिथलं मला काय ठाऊक. पण तिथे पगारासाठी एकाला दुसऱ्याच्या दारात जायला लागत नाही, एवढं ती म्हणते. ते मान हलवत राहिले. "आमी अर्धंच घेतलं कायद्यातलं," ते म्हणाले. "पगार घेतला. तो कसा द्यायचा, ते घ्यायचं ऱ्हायलं."

यंदाच्या चैत्रात रामनाथकाकांनीच बोअर बंद करायचा ठराव मांडला. मुलाशी त्यांचं काय झालं ते त्यांच्या घरात झालं, आम्हांला ठाऊक नाही. दर्पण बैठकीला आला होता, पण मागे खांबाला टेकून उभा होता, तोंड सुजल्यासारखं. आता विरुद्ध बोलणार कोण? सगळ्या आळीच्या विहिरी मचूळ झालेल्या. येसूबाई म्हणाल्या, "यात कसली उलट बाजू? करा बंद!" पण रीत ती रीत. उलट बोलल्याशिवाय हात वर करता येत नाहीत. खोल्यावाल्यांपैकी कुणी पुढे येईना, लाज वाटत असावी. गुरव नारळाजवळ उभा राहून लोकांकडे बघत होता.

कमळाकाका उठले.

माईने माझा हात धरला. "हे काय करतायत?" ती म्हणाली.

ज्याची वाडी पहिली गेली, तो माणूस बोअर चालू ठेवा म्हणून बोलायला उभा राहिला. आणि नुसतं रीतीपुरतं बोलला नाही. "प्रमुख, हरकत हाय," म्हणाले, तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. मंडपाच्या पत्र्याला लागला. म्हणाले, "बोअर मारायला दर्पण एकटा नव्हता. आपण सगळ्यांनी हात वर केले. आज आपण हात वर करून त्याची रोजी बंद करतोय, आणि कर्ज एकट्याच्या डोक्यावर. हे देवीला सांगता येईल काय? उद्या मोटर बंद केलीत तर परवा पाहुण्यांना हा पाणी कुठून देणार? त्याची पण पोरं हायत. बंद करायचं तर त्याच्या पाण्याची सोय बघा आधी. देवळाचे पत्रे कोणाच्या पैशांनी आले? पावसात त्याच पत्र्याखाली बसणार ना आपण?"

कुणी हसलं नाही. दर्पण खांबापासून सरळ झाला होता आणि काकांकडे बघत होता.

ठराव घासून, कापून पुढे गेला, जसा पूर्वी जायचा. बोअर बंद. पण दर्पणच्या खोल्यांसाठी बाहेरून पाणी आणायला समितीने वर्षभर मदत करायची. आणि उलट बोलणाऱ्याचं मानधन यापुढे वर्षाचं एकदम, सभेनेच ठरवून, देवीपुढेच द्यायचं, कुणाच्या सहीने नाही. ते कुणी घ्यायचं, ते अजून ठरलेलं नाही. काकांनी नको म्हणून सांगितलं.

घरी येताना मी आणि माई मागून चालत होतो, ते पुढे. वाडीच्या फाटकाशी ते थांबले. आत नुसते बांबू उभे होते, एकाही बांबूवर वेल नाही. माई आत गेली. मी म्हटलं, "काका, छान बोललात. किती दिवसांनी."

ते फाटकाला हात लावून उभे राहिले. मला वाटलं त्यांना बरं वाटत असेल. तोंड बघितलं, तर तसं नव्हतं.

"बोललो ना?" ते म्हणाले. "मला वाटायचं, वय झालं, घशात जोर ऱ्हायला नाय, म्हणून त्या दिवशी निघालं नाय तोंडातून. इतके दिवस तेच सांगत होतो मनाला." मग म्हणाले, "आवाज हाय गं, सुलू. म्हणजे तेव्हा पण होता."